‘मला येत नाही’ आणि ‘मी लायक नाही’ यांतला फरक

गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका आईचा फोन आला. “ताई, पोरगी एमबीबीएस सोडायचं म्हणते. नीटसाठी रात्रंदिवस अभ्यास केला, दोन वर्षं पास झाली, आणि आता म्हणते, मला काहीच येत नाही.”

मुलीला भेटले. मेडिसिनच्या वॉर्डात राउंड चालू असताना सरांनी तिला पेशंटबद्दल विचारलं. उत्तर माहीत होतं, पण इंग्रजीत वाक्य जुळेना. शेजारच्या मुलानं तेच उत्तर फाडफाड सांगितलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “कोट्यातली आहे.” तेव्हापासून ती राउंडला सगळ्यांत मागे उभी राहते. मागे उभं राहिलं की दिसत नाही, दिसलं नाही की शिकता येत नाही, आणि ‘मला येत नाही’ हे हळूहळू खरं व्हायला लागतं.

आपल्या घरांतून पहिल्या पिढीचे डॉक्टर आणि नर्स होत आहेत, म्हणून या विषयावर मोकळेपणानं बोलायला हवं.

असं का होतं?

पुस्तकातला आजार एकेका प्रकरणात नीट मांडलेला असतो. वॉर्डातल्या पेशंटला एकाच वेळी मधुमेह, बीपी, पायाची जखम आणि घरची काळजी असते. त्यामुळे वर्गात हुशार असलेली मुलंही वॉर्डात सुरुवातीला गोंधळतात. त्यात चारचौघांत प्रश्न विचारला की छाती धडधडते, हाताला घाम येतो आणि पाठ असलेलं आठवत नाही. घाबरलेल्या मेंदूचं ते काम आहे, त्यावरून बुद्धीचं माप काढू नये.

दुसरं कारण तुलनेचं. स्वतःची भीती आपल्याला आतून दिसते, दुसऱ्याचा मात्र फक्त आत्मविश्वास दिसतो. यश मिळूनही ‘मी इथं चुकून आलो, एक दिवस पकडला जाईन’ असं वाटण्याला पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ‘इम्पोस्टर’ हे नाव दिलं. हा आजार नाही. पण ज्याला रोज कोणी ना कोणी ‘तू इथला नाहीस’ असं सुचवतं, त्याच्या मनात ही भावना जास्त घट्ट बसते.

कोट्याच्या टोमण्याला उत्तर साधं आहे. प्रवेश कोणत्याही प्रवर्गातून होवो, एमबीबीएसची विद्यापीठाची परीक्षा सर्वांना एकच असते आणि पास होण्याची अटही एकच.

काय करता येईल?

‘माहीत नाही, पाहून सांगते’ हे वाक्य न लाजता म्हणायला शिका. औषधाचा डोस अंदाजानं सांगणाऱ्यापेक्षा विचारून घेणारा डॉक्टर पेशंटसाठी सुरक्षित असतो. मी नर्सिंगला असताना एका आजोबांना सलाईन लावताना दोनदा शीर चुकले. सिनियर सिस्टर सर्वांसमोर ओरडल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या एका सिस्टरनं मग हात धरून दाखवलं. पुढे किती सुया लावल्या याची मोजदाद नाही. हात सवयीनंच बसतो.

केस सांगण्याचा क्रम ठरलेला असतो: नाव, वय, तक्रार, किती दिवसांपासून, आधीचे आजार, तपासणी, निदान. खोलीत तो आधी मराठीत मोठ्यानं म्हणा, मग इंग्रजीत. इंग्रजी सरावानं येतं. आणि खेड्यातली म्हातारी ‘पोटात गोळा येतो’ म्हणते तेव्हा तिला नेमकं काय होतंय, हे ज्याला तिची बोली कळते त्यालाच नीट विचारता येतं. हे तुमचं बळ आहे.

वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींशी ओळख ठेवा. गर्दीच्या वेळी विचारू नका. काम हलकं असताना विचारलं तर त्या बरंच शिकवतात. रोज झोपण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहा: आज काय नवीन शिकले, उद्या काय विचारायचं आहे. महिन्यानं मागची पानं उलटून पाहा.

शंका आणि अपमान वेगळे ओळखा

‘हे वाचून ये’ म्हणणं हे शिकवणं आहे. जात काढणं, आडनाव विचारून हसणं, मुद्दाम काम न देणं किंवा हमालीच करायला लावणं हा छळ आहे. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या निवासी डॉक्टर मुलीनं आयुष्य संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबानं केला. अशा ठिकाणी ‘आत्मविश्वास वाढव’ हा सल्ला पुरत नाही. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. कॉलेजच्या अँटी रॅगिंग समितीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. यूजीसीच्या नियमांत २०१६ पासून जातीवरून केलेला छळही रॅगिंगमध्ये धरला जातो. त्यांची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. गरज पडल्यास अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच.

दोन आठवडे झोप-भूक गेली, कशात मन लागेना, किंवा जगू नये असं वाटू लागलं, तर थांबू नका. टेलि-मानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. मानसोपचाराच्या ओपीडीत जाण्यात कमीपणा नाही. आपण पेशंटला जे सांगतो, ते स्वतःलाही लागू असतं.

आईवडिलांनो, फोनवर ‘मार्क किती?’ यापेक्षा ‘आज वॉर्डात काय झालं?’ असं विचारा. पोर रडली तर ‘आम्ही एवढा खर्च केला’ हे त्या क्षणी बोलू नका. आधी ऐका.

त्या मुलीनं कॉलेज सोडलेलं नाही. इंग्रजी अजून अडखळतं, पण राउंडला ती आता पेशंटच्या उशाशी, सरांच्या शेजारी उभी राहते.