जळकी फळी आणि आमचे ऊन

जैनथच्या घराला दर्शनी बाजूस जळक्या काळ्या फळ्या लावाव्यात, असे मला वाटू लागले. जपानात ‘सुगी’ वृक्षाच्या फळ्या भाजून घराबाहेर बसवतात. या पद्धतीला ‘याकिसुगी’ म्हणतात. (आपल्या सुगीशी तिचा संबंध नाही!) वरचा कोळशाचा थर ऊन-पाऊस सोसतो, बुरशीला सहजी खाद्य मिळत नाही. नुसता काळा रंग देऊन जळका देखावा केलेल्या फळीत हा गुण नसतो. आदिलाबादचा साग तर मुळातच तेलकट व टिकाऊ. त्याला भाजण्याची गरज नाही. शिवाय काळा रंग ऊन शोषतो. आमचा वैशाख आठवला आणि बेत बदलला : पश्चिमेला चुन्याची पांढरी भिंत, जळक्या फळ्या फक्त उत्तरेच्या ओसरीला. घराची शोभा निवडताना आधी ऊन पाहावे, हेच खरे.