एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे

मामांच्या माळ्यावर 1960च्या दशकातले एक रेडिओ-नियंत्रित विमान पडून होते. बाल्सा लाकडाचे धड, रेशमी कापडाने मढवलेले पंख, नाकात छोटेसे डिझेल इंजिन. वयाच्या 82व्या वर्षी त्यांनी ते माझ्या हवाली केले आणि अट घातली, "उडव. पण आम्ही उडवायचो तसं."

मी अभियंता नाही. जे येते ते जुनी मासिके वाचून आणि वस्तू बिघडवून आलेले. लाकूड, कापड, इंजिन ही कामे वेळखाऊ खरी, पण सरळ असतात. बाल्सा जोडता येतो, कापडावर डोप पुन्हा चढवता येते, इंजिनात घट्ट झालेले एरंडेल ऊब दिली की सुटते. छळले ते 'तसं' या शब्दाने.

त्या काळच्या साध्या विमानाच्या ट्रान्समीटरवर एकच बटण असे. धडाच्या आत लांबीभर रबराची पिळलेली लड आणि तिच्या टोकाला एस्केपमेंट, म्हणजे घड्याळातल्यासारखी अडकण. बटण दाबले की विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतो, अडकलेले चाक पाव फेरा फिरते आणि सुकाणू उजवीकडे वळते. बटण सोडले की आणखी पाव फेरा, सुकाणू सरळ. पुढच्या दाबाला मात्र डावीकडेच! मागची पाळी कोणती होती हे उडवणाऱ्याने ध्यानात ठेवायचे. एका आज्ञेला अर्धा फेरा, म्हणजे लडीला 200 पीळ दिले तर 400 आज्ञा.

मामांच्या विमानातले रबर चिक्कीसारखे तुटत होते आणि एस्केपमेंटचे चुंबक गंजून गेले होते. आधी मी सायकलची ट्यूब कापून पाहिली. ती ब्युटाइल रबराची. ताणलेली ऊर्जा आतच जिरवते, झटक्याने परत देत नाही. शेवटी गलोलीसाठी मिळणारे नैसर्गिक रबर चालले, ग्लिसरीन आणि साबण चोळून.

चुंबकाची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली. ओढली जाणारी पट्टी केली हॅक्सॉच्या पात्याची, आणि तिथेच फसलो. कडक पोलाद प्रवाह थांबल्यावरही थोडे चुंबकत्व धरून ठेवते. टेबलावर पाच वेळा चालले; आकाशात बटण सोडल्यावरही पट्टी चिकटून राहिली, सुकाणू वळलेलेच, आणि विमान गिरक्या घेत ज्वारीच्या शेतात. डावा पंख गेला. चूक सर्वस्वी माझी. दुसरी पट्टी जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या मऊ पत्र्यांची केली आणि चुंबकाच्या तोंडावर कागदाचा एक कपटा चिकटवला, म्हणजे लोखंडाला लोखंड थेट भिडत नाही.

मैदानावरची तरुण पोरे म्हणाली, "काका, दोन तासांत सर्व्हो बसवून देतो." सर्व्हो सुकाणूला हवे तितके, हव्या त्या बाजूला वळवतो. पाळी मोजायचे कारणच उरत नाही. बाहेरून तेच विमान, उडवणे मात्र दुसरे. मी नाही म्हटले. तडजोड केलीच नाही असे नाही: मूळ व्हॉल्व्हच्या रिसीव्हरला लागणारी 22.5 व्होल्टची बॅटरी मिळेना, म्हणून आजचा 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बसवला. त्यातून निघणारा इशारा एका ट्रान्झिस्टरमार्फत जुन्या पद्धतीच्या चुंबकापर्यंत जातो. संदेश कसा येतो हे विमानाला कळत नाही. ते कसे वळते हे उडवणाऱ्याला कळते. माझी रेघ मी तिथे ओढली.

काही जाणकारांना घरगुती भाग म्हणजे भेसळ वाटते. मला हे पटत नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस 'गफ' उडवले, तेव्हा दुकानात घेण्यासारखे फारसे काही नव्हतेच. आज स्मिथसोनियनच्या संग्रहात असलेल्या त्या विमानातला रिसीव्हरही घरीच जुळवलेला होता.

गेल्या पौषात मामांना खुर्चीवर बसवून मैदानात नेले. त्यांनी बटण दाबले, विमान उजवीकडे वळले. सोडले, सरळ झाले. मग ते बराच वेळ नुसतेच वर बघत राहिले.

"मामा, पुढची पाळी?" मी घाबरून विचारले.

"डावी," ते म्हणाले, आणि दाबले.