निम्मे पैसे परत देतो म्हणतात, घ्यायचे का?

रिसर्चला येऊ पाहणाऱ्या सगळ्यांना फेलोशिपची रक्कम पाठ असते, पण ती हातात कधी पडते हे कोणी सांगत नाही. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. बऱ्याच ठिकाणी ती दोन-तीन महिन्यांची एकदम येते. मधल्या काळात कॉन्फरन्सची नोंदणी, रेल्वेचं तिकीट, मेसचं बिल हे सगळं क्रेडिट कार्डावर चढतं. आणि मग एखाद्या महिन्यात बिल भरायला उशीर होतो.

आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरचं हेच झालं. बिल ३८,४०० रुपयांचं, शेवटची तारीख ५, पैसे भरले ७ तारखेला, तेही पूर्ण. पुढच्या बिलात लेट फी ९५० रुपये आणि व्याज १,५०२ रुपये, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, असे एकूण २,८९३ रुपये लागले. (हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे थोडे सरळ केलेत.) चार फोन आणि दोन ईमेलनंतर बँकेचं उत्तर आलं: 'गुडविल म्हणून १,४५० रुपये परत करतो, मान्य असेल तर कळवा.' तिने विचारलं, घेऊ का? मला हा प्रश्न आवडला, कारण आपण पेपर वाचताना जे करायला शिकतो तेच इथे करावं लागतं.

आधी तो 'निम्मे' शब्द बाजूला ठेवा. एकूण आकड्याची टक्केवारी इथे काहीच सांगत नाही, कारण २,८९३ मध्ये दोन अगदी वेगळ्या जातीच्या रकमा आहेत. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश सांगतात की बिल तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते. इथे उशीर दोन दिवसांचा. म्हणजे ९५० आणि त्यावरचा १७१ रुपये जीएसटी, मिळून १,१२१ रुपये, लावायलाच नको होते. ते परत मिळणं हा हक्क आहे, त्यात बँकेचा मोठेपणा काही नाही.

व्याजाचं तसं नाही. तीन दिवसांची सवलत लेट फीला आहे, व्याजाला नाही. बऱ्याच जणांना वाटतं की दोन दिवस उशीर म्हणजे दोन दिवसांचं व्याज. वर्षाला ४२ टक्के दराने ३८,४०० वर ते ८८ रुपये होईल. पण बिल पूर्ण आणि वेळेत भरलं नाही की बिनव्याजी मुदतच जाते, आणि व्याज प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजतात. तिच्या खरेद्या, रकमेप्रमाणे वजन देऊन सरासरी काढली तर, ३४ दिवस जुन्या होत्या: ३८,४०० गुणिले ०.४२ भागिले ३६५ गुणिले ३४, म्हणजे १,५०२. चीड येते, पण कार्ड घेताना सही केलेल्या अटींमध्ये हे असतं. हे १,५०२ आणि त्यावरचा २७० रुपये जीएसटी, असे १,७७२ रुपये. यातलं काही सोडलं तर ते खरंच गुडविल.

आता ऑफर पुन्हा बघा. १,४५० मधून हक्काचे १,१२१ वजा केले की उरतात ३२९. म्हणजे बँकेने व्याजातले सुमारे १९ टक्के सोडले. 'निम्मे' ऐकताना जितकं मोठं वाटतं त्यापेक्षा हे बरंच कमी आहे, पण शून्यही नाही. ऑफर ९०० ची असती तर? 'एकतीस टक्के परत' असं ऐकायला बरं वाटलं असतं, पण प्रत्यक्षात हक्काचे २२१ रुपये त्यांच्याकडेच राहिले असते. ती मी घेतली नसती.

मग १,४५० घ्यायचे का? ज्युनिअरचा पहिला सूर होता, 'नको, तत्त्वाचा प्रश्न आहे.' हा सूर प्रयोगशाळेत चांगलाच नोंदला गेलाय. १९८२ मध्ये वर्नर ग्युट आणि दोन सहकाऱ्यांनी जर्मनीत 'अल्टिमेटम गेम' करून पाहिला. एकाने ठरावीक रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा नाकारायची, आणि नाकारली तर दोघांनाही काही नाही. निव्वळ हिशोबाने दुसऱ्याने एक रुपयाही घ्यायला हवा. पण नंतरच्या अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं की वाटा वीस टक्क्यांच्या खाली गेला की लोक साधारण निम्म्या वेळा नाकारतात. आणि हे सगळीकडे सारखंही नाही. पेरूमधल्या माचिगुएंगा लोकांमध्ये सरासरी देऊ केलेला वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता, तरी जवळजवळ कोणी नाकारलं नाही.

हा प्रयोग बँकेच्या ईमेलला जसाच्या तसा चिकटवायचा मोह होतो. तो आवरा, कारण मॉडेल लावण्याआधी त्याची गृहीतकं तपासायची असतात. खेळात तुम्ही नाकारलं की समोरच्याचंही नुकसान होतं, म्हणून रागाला किंमत असते. इथे तुम्ही ईमेलला नुसतं 'नको' म्हणून गप्प बसलात तर पैसे बँकेकडेच राहतात. तिला तुमच्या रागाची झळ लागत नाही. दुसरं, खेळात नाकारल्यावर शून्य मिळतं. इथे पुढे एक दार आहे, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तेव्हा तुलना १,४५० आणि शून्य यांची नाही, १,४५० आणि त्या दारातून जे मिळू शकतं त्याची आहे.

ते किती, हे अंदाजानेच ठरवावं लागेल, पण अंदाज कागदावर लिहिला की निदान त्याच्याशी भांडता येतं. समजा, लेट फी पूर्ण परत मिळण्याची शक्यता ०.९ धरली, कारण नियम स्पष्ट आहे आणि तारखा बिलावर छापलेल्या आहेत. व्याज परत मिळण्याची शक्यता ०.१ धरली. मग अपेक्षित रक्कम होते १,००९ अधिक १७७, म्हणजे १,१८६ रुपये. १,४५० त्याहून जास्त, तेही आत्ता. यात वेळेची किंमत धरलेलीच नाही. लोकपालाकडे तक्रारीला फी नसते, पण कागद गोळा करण्यात एक संध्याकाळ जाते.

आता हे उत्तर माझ्या ०.१ वर किती टेकून आहे? उलटं सोडवून बघा: व्याज परत मिळण्याची शक्यता साधारण ०.२५ च्या वर गेली की नाकारणं फायद्याचं. तेव्हा खरा प्रश्न असा उरतो की व्याजाबद्दल बँकेची चूक दाखवणारा कागद तुमच्याकडे आहे का? ऑटो-डेबिट चालू होतं, खात्यात पैसे होते, तरी ते ओढले गेले नाहीत. किंवा यूपीआयने पैसे ५ तारखेलाच गेले आणि कार्डावर ७ ला जमा झाले. किंवा बिलच इतकं उशिरा आलं की भरायला पंधरा दिवसही मिळाले नाहीत, आणि तेवढे मिळायलाच हवेत असं त्याच निर्देशांत आहे. यातलं काही असेल तर ०.१ ही फार घाबरट संख्या झाली. तिच्याकडे असं काही नव्हतं, फेलोशिप उशिरा आली होती इतकंच. आणि 'मी चार फोन केलेत' हे वाक्य हिशोबात येत नाही. ते तास दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत.

म्हणून तिला सांगितलं, घे. पण 'मान्य आहे' असं दोन शब्दांचं उत्तर नको. आधी विचार, ही रक्कम अंतिम तडजोड म्हणून आहे की तक्रार खुली राहते? खुली राहत असेल तर वरचा हिशोबच नको. पैसे घे आणि उरलेल्यासाठी भांडायचं की नाही ते नंतर ठरव. अंतिम असेल तर सही करण्याआधी आणखी दोन गोष्टी लेखी हव्यात. पहिली, परतावा कार्डाच्या खात्यात रुपयांत हवा, रिवॉर्ड पॉइंटमध्ये नको. दुसरी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते: हे खाते क्रेडिट माहिती कंपन्यांना 'थकीत' म्हणून कळवलेलं नाही, किंवा कळवलं असेल तर दुरुस्त करू. तीन दिवसांचा तोच नियम इथेही लागू आहे. पुढे शैक्षणिक किंवा घराचं कर्ज काढताना ती एक नोंद ३२९ रुपयांपेक्षा महाग पडू शकते.

अजून एक, जे कॉल सेंटरवाले आपणहून सांगत नाहीत. बिनव्याजी मुदत गेली की काही कार्डांवर त्या मधल्या दिवसांत केलेल्या नव्या खरेद्यांवरही व्याज लागतं आणि ते त्याच्या पुढच्या बिलात उगवतं. अंतिम तडजोड करायची असेल तर ते दुसरं बिल येऊ द्या, नाहीतर निम्म्याच शुल्कांवर सही होते. तोपर्यंत वादातली रक्कम स्वतःच कापून बिल कमी भरू नका. पूर्ण भरलं नाही की व्याजाचं चक्र पुन्हा सुरू.

थांबायला भीती वाटत असेल तर मुदती अशा आहेत. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेप्रमाणे बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा तक्रार पूर्ण वा अंशतः फेटाळली आणि तुमचं समाधान झालं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं, आणि त्या योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून त्यासाठी एक वर्ष होतं. योजनेत बदल होत राहतात, त्यामुळे जाण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर चालू मुदत बघून घ्या. फोनवरची तक्रार मात्र धरू नका. ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.