अशोकाची साल आणि सह्याद्रीचे अरण्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. ग्रीष्माच्या अखेरीस कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरी, शिष्यांसमवेत वनातून फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला एक सूचना करतात. वायू, जल, देश आणि काल यांच्यात विकृतीची चिन्हे दिसत आहेत. तेव्हा भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव, कारण पुढे त्यांच्यातील रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव टिकणार नाहीत, असा तिचा आशय आहे. परीक्षेसाठी हा अध्याय पाठ करताना साथीचे रोग एवढाच त्याचा अर्थ आमच्या ध्यानी आला होता. पुढे व्यवसायात पडल्यावर आणि सालीचे एक पोते हाती आल्यावर त्याचा दुसरा अर्थ उमगला. त्याविषयी वैद्यबंधुभगिनींशी आणि औषधनिर्मात्यांशी चार शब्द बोलावेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

एका पोत्याची हकीकत

चिकित्सालयास जोडून आमची लहानशी औषधनिर्मिती आहे. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, काही चूर्णे व तेले एवढाच तिचा विस्तार. कच्चा माल आम्ही वर्षानुवर्षे एकाच व्यापाऱ्याकडून घेत असू. भाव पटला, माल वेळेवर आला, की आमची चौकशी संपत असे. काही वर्षांपूर्वी रक्तप्रदराच्या रुग्णांत अशोकारिष्टाचा गुण पूर्वीसारखा येत नाही, असे जाणवू लागले. प्रथम दोष आम्ही रुग्णांच्या पथ्याला दिला, नंतर संधानाला. शेवटी पोते मोकळे करून साल पाहिली.

औषधिकोशात अशोकाच्या सालीची लक्षणे स्पष्ट दिली आहेत. आतील अंग तांबूस तपकिरी, त्यावर उभ्या बारीक रेषा व तंतू, मोडताना चिवट कुसळे निघणारी, बाह्य त्वचेखाली पातळ पांढुरका अखंड थर आणि चव ठसठशीत कषाय. पोत्यातील निम्म्याहून अधिक सालीत यांपैकी एकही लक्षण नव्हते. ती रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात त्या उंच सरळ आसुपालवाची, म्हणजेच खोट्या अशोकाची साल होती. व्यापाऱ्यास विचारले असता त्याने शांतपणे उत्तर दिले, "वैद्यराज, खरा अशोक आता रानात उरलाय कुठे? या भावात हाच मिळतो."

त्या उत्तराचा आम्हांस राग आला. परंतु विचार करता लक्षात आले की, दहा वर्षांत साल कोठून येते हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नव्हता. दोष केवळ व्यापाऱ्याचा नव्हता.

हिशोब काय सांगतो?

भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहातील प्रमाणानुसार अशोकारिष्टासाठी अशोकत्वक् एक तुला, म्हणजे ४.८ किलोग्रॅम घ्यावयाची, ४९.१५२ लिटर जलात काढा करून १२.२८८ लिटर उरवावयाचा आणि त्यात ९.६ किलोग्रॅम गूळ घालावयाचा. गुळाने वाढणारा आकार व गाळात होणारी घट दोन्ही जमेस धरली, तरी ४५० मिलिलिटरच्या एका बाटलीमागे शंभर ग्रॅमहून अधिक वाळलेली साल लागते. ज्या भावात आज बाजारात अशोकारिष्टाची बाटली मिळते, त्या भावात तेवढी खरी साल, गूळ, धायटी, मजुरी आणि बाटली कशी बसते, याचा हिशोब प्रत्येक औषधनिर्मात्याने एकदा कागदावर मांडून पाहावा.

या हिशोबाचे दुसरे टोक अरण्यात आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या वतीने झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९६० वनस्पती व्यापारात असल्याचे आढळले. त्यांतील १७८ वनस्पतींची उलाढाल प्रत्येकी वार्षिक शंभर टनांहून अधिक होती. या १७८ पैकी ७० वनस्पती प्रामुख्याने उष्ण कटिबंधातील वनांतून येत होत्या; मुख्यत्वे लागवडीतून येणाऱ्या केवळ ३६ होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत व्यापारातील वनस्पती १,१७८ झाल्या आणि २०१४-१५ या एका वर्षाची एकूण मागणी पाच लाख टनांच्या वर गेली. आपले शास्त्र लोकप्रिय होत आहे, याचा आनंद मानावा. पण त्या लोकप्रियतेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हेही पाहावे.

अशोक जेथे राहतो ते घर

सीतेचा अशोक हा सदाहरित व निमसदाहरित वनातील ओढ्याकाठचा वृक्ष होय. त्यास सावली हवी, मुळांशी ओल हवी. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या सह्याद्रीत त्याचे नैसर्गिक घर आहे. दक्षिणेत पाऊस वर्षातील अधिक महिने पडतो. आपल्याकडे मात्र तो चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. अशा स्थितीत अरण्य सदाहरित राहते, ते स्वतःच साठविलेल्या ओलाव्यावर. उंच वृक्षांचे छत ऊन अडवते, खालच्या थरातील झाडे वारा अडवतात, पालापाचोळा पाणी धरून ठेवतो. जांभ्या खडकावरील मातीचा थर पातळ असतो. अरण्याचे पोषण मातीत थोडे आणि झाडांत व कुजणाऱ्या पाचोळ्यात अधिक असते. म्हणून छत एकदा तुटले की ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, पाचोळा वाळतो, पहिल्याच पावसात माती वाहून जाते आणि तेथे पुन्हा तेच अरण्य सहजासहजी उभे राहत नाही. शरीराच्या भाषेत बोलावयाचे तर हा धातुक्षय आहे, केवळ त्वचेवरील व्रण नव्हे.

या अरण्यातील अनेक वृक्षांची बीजे धान्याप्रमाणे साठवून ठेवता येत नाहीत. अशोकाचे, रानजायफळाचे बी ताजे असतानाच ओल्या सावलीत पडले तर रुजते. वाळले की मेले. रानजायफळ, धूप यांसारख्या मोठ्या फळांचे बी दूरवर नेण्याचे काम धनेशासारखे पक्षी करतात. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, पोकळ ढोलीचे मोठे झाड लागते. असे झाड तुटले की धनेश जातो आणि धनेश गेला की पुढील पिढीचे वृक्ष जातात. एका द्रव्याचा दुसऱ्याशी असलेला हा संबंध आपल्या निघंटूंत नाही, परंतु द्रव्याचे अस्तित्वच त्यावर अवलंबून आहे.

साल काढण्याची रीतही येथे महत्त्वाची ठरते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा मार्ग सालीच्या आतील अंगातूनच जातो. खोडाभोवती पूर्ण वलय सोलले की मुळे उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या मरते. घाईने व कमी मजुरीत साल काढणारा वलयच सोलतो, कारण त्याचे पोट आजच्या पोत्यावर असते. त्यास दोष देण्यापूर्वी ते पोते आपण काय भावाने घेतो, हे आठवावे.

नरक्याचा धडा

अशोकाचे जे संथपणे होत आहे, ते नरक्याच्या बाबतीत झपाट्याने झाले. कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी या संशोधकांनी एका चिनी वृक्षातून शोधले. डॉ. वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. पुढे तेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्यात भरपूर असल्याचे आढळले. तोवर दुर्गंधामुळे कोणी हात न लावणाऱ्या या लहान वृक्षास एकाएकी भाव आला. द्रव्याचे प्रमाण मुळांत अधिक, म्हणून झाडे मुळासकट उपटली गेली आणि कोकणातून व घाटमाथ्यावरून त्यांची चोरटी वाहतूक झाली. ज्या रुग्णांसाठी हे सारे झाले त्यांचे प्राण मोलाचेच आहेत. परंतु झाड संपले तर उद्याच्या रुग्णास काय द्यावयाचे?

भार केवळ आपला नाही

हे खरे की, अरण्याचा ऱ्हास एकट्या औषधव्यवसायाने झालेला नाही. खाणी, धरणे, रस्ते, कोळशासाठी व वखारींसाठी खाजगी रानांची तोड, दोडामार्ग परिसरात रान साफ करून झालेली रबराची लागवड, अशी कारणे अनेक आहेत. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आणि डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये आपापले अहवाल दिले. त्यानंतर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघत राहिले. जुलै २०२४ मधील मसुदा सहावा होता. दरम्यान २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी या वस्त्या दरडींखाली गेल्या. प्रत्येक दरडीचे कारण एकच नसते, परंतु डोंगराची प्रकृती बिघडली आहे, हे निदान करावयास फार मोठा वैद्य लागत नाही.

तथापि इतरांचे अपथ्य दाखवून आपले अपथ्य लपत नाही. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने आयुष व्यावसायिकांना लाभवाटपाच्या तरतुदीतून सूट दिली. आपल्या व्यवसायास ती सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु सूट मिळाल्यामुळे रानात एकही अशोक वाढला नाही.

दोन आशादायी उदाहरणे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळांची दुर्मिळ पाणथळ राई आहे. ती जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाली आहे. क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास. पण कायदा येण्यापूर्वी ती टिकली, ती गावाने देवराई मानून राखली म्हणून.

दुसरे उदाहरण बेहड्याचे. उत्तर सह्याद्रीत बेहड्याचे जुने वृक्ष लाकडासाठी तुटत होते. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने फळे गोळा करणाऱ्या ग्रामस्थांना हाताशी धरून हिरडा व बेहड्यासाठी 'फेअरवाइल्ड' हे प्रमाणपत्र मिळविले. फळास चांगला भाव मिळू लागल्यावर उभे झाड तोडलेल्या झाडाहून मोलाचे ठरले, आणि त्याच बेहड्यांच्या ढोलीत धनेशाची घरटी राहिली. त्रिफळाचूर्णाच्या डबीचा आणि धनेशाच्या पिलाचा असा संबंध जोडला जातो, ही आपल्यासाठी मोठी शिकवण आहे.

आपण काय करू शकतो?

आम्ही स्वतःपुरते जे आरंभिले, ते नम्रपणे मांडतो. व्यापाऱ्याकडून प्रत्येक पोत्यासोबत मालाचे ठिकाण व संकलनाचा महिना लिहून घेतो. चरकाचार्यांनी त्वचेसाठी शरद ऋतू सांगितला आहे, हे त्यास आता पाठ झाले आहे. खऱ्या सालीस अधिक भाव देतो आणि औषधाची किंमत वाढली तर रुग्णास कारण सांगतो. दशमुळातील बेल, टेटू, शिवण आदी वृक्षांच्या मुळांऐवजी खोडाची साल वापरतो. जेथे अस्सल द्रव्य मिळत नाही, तेथे भावप्रकाशात सांगितलेल्या प्रतिनिधिद्रव्यांचा विचार करतो, खोटे द्रव्य खपवून घेत नाही. आणि एका स्नेह्याच्या सुपारीच्या बागेत, ओढ्याकाठी, ताज्या बियांपासून अशोकाची चाळीस रोपे लावली आहेत. त्यांची साल आमच्या हयातीत फारशी उपयोगी पडेल असे नाही. ती पुढच्या वैद्यासाठी आहेत.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने एक देवराई किंवा एक ओढा दत्तक घ्यावा, आणि सभासद औषधनिर्मात्यांनी खरेदीची सामाईक नोंदवही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. आगामी वार्षिक सभेत तिचा विचार व्हावा.

आत्रेयांनी अग्निवेशास औषधी गोळा करण्यास सांगितले, तेव्हा कांपिल्याभोवती वन होते. आपल्या शिष्यांना तीच आज्ञा करताना बोट दाखविण्यास रान उरावे, एवढीच अपेक्षा. अलमतिविस्तरेण.