ई-स्कूटर आणि खानदेशचं हवामान: थंडी सोसते, ऊन बाधतं

हिवाळ्यात धुळ्याचा पारा कधी कधी 5-6 अंशांपर्यंत उतरतो. सातपुड्यात अक्कलकुव्याजवळच्या डाबला तर दवबिंदू गोठतात. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ 45 अंशांच्या वर तापतं. केळीच्या हवामान आधारित पीकविम्यात थंडी आणि उष्णता हे दोन्ही धोके धरतात, ते उगीच नाही. विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीलाही हेच दोन धोके आहेत.

चर्चा मात्र थंडीचीच जास्त होते.

लिथियम-आयन बॅटरी चालते ती दोन इलेक्ट्रोडांमधल्या आयनांच्या ये-जा करण्यावर. गारठ्यात मधलं द्रावण दाट होतं, ये-जा मंदावते आणि गाडीचा पल्ला घटतो. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये पाच ई-कार तपासल्या. उणे 7 अंशांत हीटर लावला तेव्हा पल्ला सरासरी 41 टक्क्यांनी घटला. हीटर बंद असताना फक्त 12 टक्क्यांनी. स्कूटरला हीटर नसतोच आणि धुळ्याची थंडी शून्याच्या वरची. त्यामुळे इथे पहाटे पल्ला थोडा कमी भरतो, ऊन वर आलं की पूर्ववत होतो. थंडी ही फार मोठी अडचण नाही, हे नॉर्वेवरूनही दिसतं: त्या बर्फाळ देशात 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे 89 टक्के विजेवरच्या होत्या.

उन्हाने झालेलं नुकसान असं भरून येत नाही. तापमान वाढलं की बॅटरीतल्या नको त्या रासायनिक क्रियांनाही वेग येतो आणि तिची साठवणक्षमता कायमची घटत जाते. 2022 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यासह देशात काही ठिकाणी ई-स्कूटरनी पेट घेतला. त्यानंतर केंद्राने बॅटरीसुरक्षेचे ‘एआयएस-156’ हे निकष कडक केले. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी थंडीत थोडी मंद, पण उष्णतेत जास्त स्थिर असते. खानदेशासाठी हा सौदा फायद्याचाच.

राहिला चार्जिंगचा प्रश्न. साधारण 3 युनिट क्षमतेची बॅटरी घरच्या प्लगवर रात्रीतून भरते आणि शंभरेक किलोमीटर नेते. मळा, बाजार, तालुक्याचं गाव एवढ्या फेरीला ते पुरतं. रावेरहून जळगावला जाऊन-येऊन सव्वाशेच्या वर किलोमीटर होतात, तिथे वाटेत चार्जर हवाच. राज्याच्या 2025 च्या ई-वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट आहे. गावरस्त्यांना त्याचा लाभ कमीच.

बॅटरी टिकवायची तर एवढं पाळावं. हिवाळ्यात फेरी संपताच, बॅटरी कोमट असताना चार्जिंग लावावं. डाबसारख्या ठिकाणी पहाटेच्या गोठणाऱ्या थंडीत उघड्यावर चार्जिंग करू नये. उन्हाळ्यात नेमकं उलटं: गाडी सावलीत उभी करावी, बॅटरी पुरती निवू द्यावी आणि मगच रात्री प्लग लावावा. नवी गाडी घेताना विक्रेत्याला पल्ल्याआधी बॅटरीचा प्रकार आणि तिची वॉरंटी विचारावी.