पूर्वजांच्या चुकीची भरपाई आम्ही का करायची? – या प्रश्नामागचं मन



शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला लागले की वर्गात हा प्रश्न हमखास येतो: "सर, अन्याय जुन्या लोकांनी केला, मग आम्ही का भोगायचं?" अमेरिकेत गुलामगिरीच्या भरपाईवरून हाच वाद चालू आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ च्या पाहणीत ७७ टक्के कृष्णवर्णीयांनी भरपाईला होकार दिला. गोऱ्यांपैकी फक्त १८ टक्क्यांनी. इतिहास दोघांचा एकच, मग मतं इतकी वेगळी का? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केलं होतं. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

आपल्याकडचं आरक्षण म्हणजे नुसती भरपाई नव्हे, त्यात प्रतिनिधित्वाचाही हेतू आहे. पण त्यावर बोलताना मनात जे चालतं, ते बरंचसं सारखंच असतं.

१) "जो तो आपल्या कर्माने"
जग न्यायी आहे असं मानलं की मनाला बरं वाटतं, असं मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी दाखवलं. मग ज्याच्या वाट्याला दुःख आलं, त्याचंच काहीतरी चुकलं असेल असं वाटू लागतं. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने पुढे पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही पारधी वस्त्या आहेत. गावात चोरी झाली की पहिलं बोट कुठे जातं, हे वेगळं सांगायला नको.

२) पाठीमागचा वारा
सायकलवर समोरचा वारा लगेच जाणवतो, पाठीमागचा जाणवतच नाही. आपले कष्ट आठवतात. आजोबांची जमीन, घरातली पुस्तकं, शिकलेली आई या गोष्टी मात्र मोजायच्या राहून जातात.

३) हातचं जाण्याची भीती
मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं, हे कानेमन आणि ट्वर्स्की यांनी मांडलं. जागा मोजक्या असल्या की दुसऱ्याची संधी म्हणजे आपलं नुकसान वाटतं. ही भीती खोटी म्हणून झटकू नका. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरालाही ती खरीच असते.

४) दोष आणि जबाबदारी यांची गल्लत
"भरपाई" म्हटलं की माणसाला "तू गुन्हेगार" असं ऐकू येतं आणि तो चिडतो. इथे सातबारा कामी येतो. बाप वारला की शेत पोराच्या नावावर चढतं, पण सोसायटीचा बोजाही त्याच उताऱ्यावर राहतो. कर्ज पोरानं काढलेलं नसतं, म्हणून त्याला कोणी दोषी म्हणत नाही. पण शेत घ्यायचं तर बोजाही बघावा लागतो. दोष वारशाने येत नाही. फायदा आणि तोटा मात्र येतो.

वर्गात काय करता येईल?
कोणत्याही मुलाला जात विचारून उदाहरण म्हणून उभं करू नका. आधी लांबचा प्रसंग घ्या. १८३३ मध्ये ब्रिटनने गुलामी बंद करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई दिली. ती कोणाला मिळाली असेल, हे मुलांना ओळखू द्या. उत्तर आहे मालकांना. गुलामांना एक पैही नाही. ते कर्ज ब्रिटिश सरकार २०१५ पर्यंत फेडत होतं. मग विचारा, "हे बरोबर झालं का?" त्यानंतर सातबाऱ्याचं उदाहरण द्या आणि शेवटी आपल्या गावाकडे या.

सगळ्यांचं एकमत होईलच असं नाही, तसा आग्रहही नको. पण "दोषी कोण?" यावरून मुलं "आज काय उरलंय आणि ते कसं भरून काढायचं?" इथवर आली, तरी तासाचं चीज झालं. घरी पालकांनीही हा प्रश्न टाळू नये.