गेलेलं वजन परत येतं, पण कुठे?

टायफॉईडमधून उठलेल्या माणसावर आपल्याकडे तूप-शिऱ्याचा मारा होतो. काटा पूर्ववत होतो, पोटही सुटतं. तरी भाईंदर स्टेशनचा जिना चढताना मांड्या भरून येतात. असं का?

आजारात भूक मरते आणि ताप खर्च वाढवतो. शरीर चरबी जाळतंच, पण स्नायूही मोडून वापरतं. सरपणाबरोबर घराचे वासेही चुलीत घालावेत तसं. नंतर नुसत्या साखर-तुपाने सरपण भरतं, वासे नाही. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना आधी अर्धपोटी ठेवलं, मग पोटभर जेवू घातलं. चरबी आधी परतली, स्नायू रेंगाळले.

स्नायूंना प्रथिनं हवीत आणि कामही. उत्तनच्या किनाऱ्यावर वाळणारे बोंबील इथे कामाचे: ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच, वाळल्यावर उरतं ते मुख्यतः प्रथिन. मासे न खाणाऱ्यांना मूगडाळ, दही, शेंगदाणे. थोडं थोडं, पाच-सहा वेळा; जोडीला हात न टेकता खुर्चीवरून ऊठबस. मात्र बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला एकदम भरपेट वाढू नये. रक्तातले क्षार घसरून जिवावर बेततं. तिथे डॉक्टरच हवेत.

काही कारण नसताना सहा-बारा महिन्यांत साठातले तीन किलो गळाले, तर खाणं वाढवण्याआधी क्षय, मधुमेह, थायरॉईड तपासून घ्या. क्षय निघालाच, तर उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा ५०० वरून १,००० रुपये झालेत, आणि ते डाळ-अंड्यांसाठीच आहेत.